थोरलीची जाड रेघ

"टोक धर गं, टोक! उभ्या उभ्या झोपलीस काय?"

आईचा आवाज. इस्पितळाच्या मागच्या अंगाला धुलाईघर होतं, आणि तिथं वाफ अशी दाटलेली असायची की माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज दिसायचा. शाळा सुटली की लेकीनं दप्तर खुंटीला अडकवायचं आणि आईच्या समोर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहायचं. दोघींनी मागं सरकायचं, चादर ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक भिडवायचं. बोटांना बोटं लागायची. आईची बोटं साबणानं सुरकुतलेली, तरी ऊबदार. एकदा लेकीनं हट्टानं एकटीनं घडी घालून पाहिली. अर्धी चादर फरशीवर लोळली आणि पुन्हा धुवावी लागली. आई रागावली नाही, तिनं ओवी जोडली. ती अशाच जोडायची, कामाच्या तालावर, कुणी ऐको न ऐको.

लांब लांब चादर, वारा भरला पोटात,
एक टोक माझ्या हाती, एक तुझिया बोटांत.

ती लेक शिकली, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, आणि आता एका प्रयोगशाळेत काम करते. तिथं तिला सगळे वहिनी म्हणतात.

त्याला कारण तिचा दीर. तोही तिच्याच विषयात शिकलेला. तिनंच शब्द टाकून त्याला इथं लावलं. पहिल्याच दिवशी तो सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल असा ओरडला, "वहिनी, बर्फ कुठं असतो हो?" झालं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची वहिनी. आणि ती त्याला भावोजी म्हणते म्हणून तो सगळ्यांचा भावोजी. दारावरचा पहारेकरी वयानं त्याच्या दुप्पट, पण तोही "भावोजी, ओळखपत्र" म्हणूनच हटकतो.

बाईंना मात्र सगळे बाईच म्हणतात. बाई विभागाच्या प्रमुख. वहिनी त्यांच्या हाताखाली शिकली. सूक्ष्म थेंब उचलताना अंगठा किती दाबायचा, श्वास कधी रोखायचा, हे बाईंनी तिचा हात हातात धरून शिकवलेलं. शिकवताना त्या एक वाक्य नेहमी म्हणायच्या, "एकटीनं उभं राहता आलं पाहिजे." त्या स्वतः तशाच उभ्या राहिल्या होत्या, कुणाच्या आधाराशिवाय, आणि वहिनीला त्यांचा फार अभिमान होता. पुढं बाईंचा राग आला तो म्हणूनच इतका आला. परक्या माणसाचा राग कातडीवर येतो, आपल्या माणसाचा हाडात.

काम प्रतिपिंडांचं. शरीरात शत्रू शिरला की त्याला पकडणारे हे रेणू, गुलेरीच्या बेचक्यासारखे. बेचक्याची एक फांदी तोडून घेतली तरी तिची पकड राहते, म्हणून अशा फांद्या तोडायच्या, त्यांत हवे ते बदल करायचे, आणि त्यांचं औषध करायचं. फांदीत दोन साखळ्या शेजारी शेजारी असतात. एक जड, एक हलकी. या प्रयोगशाळेत जडीला थोरली म्हणत आणि हलकीला धाकटी, सख्ख्या जावांसारखं. प्रत्येकीत दोन-दोन गुंडाळ्या, एक वरची, एक खालची. पुस्तकं त्यांना डोमेन म्हणतात. वहिनी घडी म्हणायची, आणि तिचं ऐकून सगळेच म्हणू लागले.

या घड्या जोडीनं बसतात. थोरलीच्या वरच्या घडीची एक बाजू तेलकट असते, पाण्याला भिणारी. धाकटी नेमकी त्याच बाजूला टेकून बसते आणि तिची लाज झाकते. खालची घडी तर त्याहून हट्टी. धाकटी येईपर्यंत ती बसतच नाही, मोकळ्या पदरासारखी लोंबत राहते. पेशीच्या आत एक दाई-रेणू असतो, तो तिला धरून ठेवतो. धाकटी आली, टेकली, घडी बसली, की मगच दाई दोघींना घराबाहेर सोडते.

बाईंचं नाव झालं ते याच्या उलट काहीतरी करून दाखवल्याबद्दल. त्यांनी थोरलीत मोजके बदल केले, दोघींना बांधणारा गंधकाचा टाका उसवला, पेशींतून धाकटीचं जनुक काढून टाकलं, आणि जगाला सांगितलं की आमची थोरली एकटी उभी राहते. लहान, हलकी, डोळ्याच्या पडद्यामागं सहज पोचणारी. दृष्टी जात चाललेल्या माणसांच्या डोळ्यात टोचायचं औषध तिच्यापासून होणार होतं.

औषध करायचं तर पेशी नव्या लागतात, पहिल्या दिवसापासूनचा इतिहास माहीत असलेल्या. बाईंच्या जुन्या पेशींवर इतक्या उचापती झाल्या होत्या की त्या चालणार नव्हत्या. भावोजींनी कोऱ्या पेशी घेतल्या, त्यांत फक्त थोरलीचं जनुक घातलं, आणि वाढवल्या.

आणि सगळं नासलं.

सोमवारच्या बैठकीत भावोजींची बाटली टेबलावर उभी होती. उजेडात धरली की आतलं पाणी गढूळ दिसे आणि तळाशी पांढऱ्या गुठळ्या हलत. बाईंनी ती बाटली दोन बोटांत उचलली, मेलेली पाल शेपटीनं उचलावी तशी.

"हे डोळ्यात टोचायचं? कुणाच्या? तुझ्या?"

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं.

"बाई, नव्या पेशी तिला बाहेरच सोडत नाहीत," भावोजी म्हणाले. "फुगून बसतात. जी थोडी बाहेर येते ती लगेच—"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" बाईंनी बाटली ठेवली. "जुन्या पेशींतून मी स्वतः हेच काढलं. आरशासारखं स्वच्छ. जनुक तेच, पाणी तेच, कृती तीच. मग बदललं काय? हात. अरे, तुझा हातच खराब आहे."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण या धंद्यात याहून वाईट शब्द नाही. चूक झाली म्हटलं तर चूक सुधारता येते. वाचन कमी म्हटलं तर माणूस वाचतो. हात खराब म्हटलं की संपलं. त्याला औषध नाही, पुरावा नाही, अपील नाही. आणि तो शब्द माणसाच्या आधी दुसऱ्या गावी पोचतो.

"शुक्रवारपर्यंत टेबल मोकळं कर," बाई म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं भावोजींकडे पाहिलं. ते आपल्या नखांकडे पाहत होते.

बैठक सुटल्यावर तिनं त्यांना गोठणपेट्यांच्या बोळात गाठलं. एक नमुना आत ठेवायचा होता, तो तिनं असा ठेवला की पेटीचं दार धाडकन आदळलं.

"वहिनी, दार हळू लावा. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

"विनोद सुचतोय तुम्हाला? ती बाई चारचौघांत तुमचा हात काढते, आणि तुम्ही मूग गिळून गप्प! तोंड कशाला दिलंय देवानं, जांभया द्यायला?"

"काय बोलणार होतो?"

"काहीही! पेशी दाखवायच्या. फुगलेल्या पेशी काय तुमच्या हातानं फुगल्या? तुम्ही फुंकर मारत होता त्यांच्यात?"

भावोजी हसले. त्यांचं ते हसणं तिला ठाऊक होतं. लग्नात तिच्या पदराला दिवा लागला तेव्हा यांनीच विझवला होता, हात भाजून घेतला होता, आणि असंच हसत म्हणाले होते, काही नाही, काही नाही.

"जाऊ द्या हो," ते म्हणाले. "दुसरीकडे लागेन कुठंतरी."

"खराब हाताचा माणूस म्हणून? कोण घेणार?"

त्यांनी पेटीचं दार पुन्हा एकदा उघडून नीट, हलक्या हातानं लावलं.

घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. नवरा शाळेत शिकवतो. वह्या तपासून तपासून त्याला प्रत्येक गोष्टीत समास सोडायची सवय लागली आहे.

"बाई काही उगीच बोलणार नाहीत," तो म्हणाला. "तूच म्हणायचीस ना, बाई म्हणजे देव."

"देव दगडाचाही असतो."

"अगं, तूच लावलंस त्याला तिथं. आता तूच त्यांच्याशी भांडलीस तर दोघंही घरी बसाल."

"मी लावलं, मीच बघते. तुम्ही भाऊ ना त्यांचे? की नुसते हजेरीपुरते?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. त्यांना साखळ्या-घड्यांतलं काही कळत नव्हतं, पण मुलगा कळत होता.

"असाच आहे तो पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "काच फोडायची थोरल्यानं, आणि पाठ सुजायची धाकट्याची. मार खाईल, पण नाव सांगायचा नाही. सूनबाई, त्याच्या वाटचं तूच ओरड."

नवऱ्यानं मान खाली घातली. काच आठवली असणार.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं खोल गोठणपेटीच्या अगदी तळातून बाईंच्या जुन्या थोरलीची शेवटची उरलेली कुपी काढली. बर्फ खरवडत असताना मागं सावली पडली.

"काय काढताय?"

"बाईंची जुनी. तुमच्या नवीच्या शेजारी लावून तपासते. काय फरक आहे तो दिसू दे एकदा."

भावोजींचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत, बैठकीत सुद्धा, असा उतरला नव्हता.

"नका तपासू."

"का?"

"उगीच."

"उगीच कुणी इतकं घाबरत नाही."

"वहिनी, एकदाच ऐका माझं. माझी नोकरी जाते ती जाऊ दे. तुम्ही यात पडू नका. हात जोडतो."

तिचा राग आता बाईंवरून उडाला आणि ज्याच्यासाठी ती लढत होती त्याच्याच अंगावर पडला. "जोडा, हातच जोडा! त्याच कामाचे आहेत ते. मी इथं तुमच्यासाठी जीव टाकते आणि तुम्ही पळवाट शोधताय. भित्रे आहात तुम्ही, भावोजी. भित्रे!"

तो शब्दही त्यांनी घेतला. झेलला, खिशात ठेवला, आणि निघून गेले.

तिनं दोन्ही नमुने साबणाच्या पाण्यात उकळले, जेलच्या पातळ पाटीवर शेजारी शेजारी सोडले आणि वीज लावली. साबणात सगळ्या घड्या सुटतात, सगळ्या जोड्या फुटतात, आणि ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे रेघ पडते. जुन्यात एकच रेघ आली. नव्यातही एकच. उंची तीच. बाईंनी इतकी वर्षं दाखवलेलं चित्र तंतोतंत असंच होतं, एकच रेघ, म्हणजे एकच साखळी, म्हणजे थोरली एकटी.

फक्त बाईंची रेघ जाड होती. भावोजींची बारीक.

माल जास्त सोडला असेल असं कुणीही म्हणेल. तिनं कमी सोडून पाहिलं. रेघ फिकी झाली, पण जाडच राहिली. वहिनी त्या पाटीकडे बघत बसली. थोरली आणि धाकटी, नावाला जड आणि हलकी. बेचक्याच्या सबंध रेणूत थोरली खरंच जड असते. पण फांदी तोडली की तिचं खालचं अंग जातं, आणि मग दोघींची वजनं जवळजवळ सारखी. या पाटीवर त्या एकाच जागी येऊन थांबतात. दोन बायका एका खुर्चीत बसल्या तरी लांबून एकच दिसावी, तसं.

मास स्पेकचं यंत्र खालच्या मजल्यावर आहे. ते रेणूचं वजन असं तोलतं की त्याला फसवता येत नाही. भावोजींच्या नमुन्यात पडद्यावर एक शिखर आलं, म्हणजे एकच वजन. बाईंच्या नमुन्यात दोन. एक थोरली. दुसरी, तिच्या खांद्याला खांदा लावून, धाकटी.

म्हणजे ती कधी गेलीच नव्हती. बाईंनी पेशींतून तिचं जनुक काढलं ते एका जागचं. दुसऱ्या जागी तिची आणखी एक प्रत शिल्लक राहिली होती. पेशी ती वाचत होत्या, धाकटी तयार होत होती, येऊन थोरलीला टेकत होती, तिची तेलकट बाजू झाकत होती, तिची खालची घडी बसवत होती. टाका नव्हता तरी टेकत होती. साबणाविना तोलल्यावर वजन दुप्पट भरलं होतं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या की थोरली स्वतःशीच जोडी करते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. भावोजींच्या कोऱ्या पेशींत मात्र धाकटीचा मागमूस नव्हता. तिथं दाई थोरलीला धरून बसली, पेशी फुगल्या, आणि जी कुणी सुटून बाहेर आली ती आपली उघडी बाजू दुसऱ्या तशाच उघडीला चिकटवत गुठळी होऊन तळाला गेली. हात खराब नव्हता. हात इतका स्वच्छ होता की त्यात खोटं मिसळायला काही उरलंच नव्हतं.

आणि मग तिला आकडा आठवला.

थोरली किती गरम केली म्हणजे तिची घडी मोडते, तो आकडा. बाईंच्या कीर्तीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा. तो वहिनीनं मोजलेला होता, विद्यार्थिनी असताना. नमुना सावकाश तापवत न्यायचा आणि पडद्यावर रेघ चढताना पाहायची. घडी मोडते तिथं टेकडी उभी राहते. तिची टेकडी एकच आली होती, उंच, निमुळती, देखणी. थोरली खरंच एकटी असती तर कुठली तरी एक घडी आधी ढासळायला हवी होती, एखादी छोटी टेकडी अलीकडं दिसायला हवी होती, पण नाही. बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली होती. ती छोटी टेकडी कशी दिसणार होती? जोडीनं बसलेल्या घड्या जोडीनंच मोडतात. शेवटपर्यंत एकमेकींना धरून राहतात, आणि सुटतात तेव्हा एकदम सुटतात. आकडा खरा होता. फक्त तो एकटीचा नव्हता.

जिना चढताना तिच्या कानात आई होती. आईची एक ओवी, जी ती धुलाईघराचा मुकादम अंगावर आला की म्हणायची, त्याच्याकडे न बघता:

घडी मोडली म्हणून नको दोष देऊ हाता,
कुणी सोडलं टोक, त्याचा पत्ता लाव आता.

तिला वाटलं, आत्ताच जावं आणि बाईंच्या खोलीचं दार लाथेनं उघडावं. पण बाईंच्या खोलीचं दार आतून बंद होतं, आणि बंद दाराआड गेलेलं बोलणं बाहेर येताना कसं होऊन येतं ते तिनं पाहिलं होतं. तिनं राग गिळला नाही. नुसता दाबून धरला, उकळत्या भांड्यावर झाकण धरावं तसा. सगळ्यांसमोर झालेलं होतं. सगळ्यांसमोरच उलटायचं.

शुक्रवारी निरोपाची बैठक ठेवली होती. बाईंची ही रीत. ज्याला काढायचं त्याला हसतमुखानं काढायचं. त्यांनी भावोजींसाठी एक पेन आणलं होतं, मखमली डबीत.

"माणूस सोन्यासारखा," बाई म्हणाल्या. "वेळेवर यायचा, कुणाला दुखवायचा नाही. प्रत्येकाचा पिंड वेगळा असतो. याचा पिंड प्रयोगाचा नसेल, लेखनाचा असेल. म्हणून हे पेन."

सगळे गोड हसले. भावोजींनी डबी घेतली आणि आभार मानले. आभार!

"मला बोलायचंय," वहिनी उभी राहिली.

"बोल ना. तुझाच दीर."

"दीर घरी. इथं ते माझ्याइतकेच शिकलेले." तिनं दोन्ही नमुन्यांच्या शिखरांची चित्रं पडद्यावर लावली. "ही भावोजींची नवी थोरली. एक शिखर. ही तुमची जुनी, बाई. दोन. ही थोरली, आणि ही कोण ते इथं सगळ्यांना वजनावरून ओळखता येतं."

खोलीत खुर्च्या करकरल्या. कोपऱ्यातला तो हसणारा पुढं वाकला आणि "अरे देवा," एवढंच म्हणाला.

"धाकटी गेलीच नव्हती," वहिनी म्हणाली. "एकटी उभी राहते, एकटी उभी राहते, म्हणून आपण जिचा डंका पिटला, ती कधी एक क्षणही एकटी नव्हती. जिच्या आधारावर उभी होती तिला कुणी मोजलंसुद्धा नाही. आणि जेव्हा खरोखर एकटी काढली, या माणसानं काढली, तेव्हा गुठळ्या झाल्या. व्हायच्याच होत्या. यांनी काम चोख केलं म्हणून झाल्या! आणि तुम्ही काय केलंत? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"आवाज खाली," बाई म्हणाल्या. त्यांच्या गळ्याजवळची शीर उडत होती, पण शब्द शांत होते. "रागानं विज्ञान होत नाही, हे मी तुला शिकवलंय. आणि एक विचारते. तो स्थिरतेचा आकडा, ज्याच्यावर हे सगळं उभं आहे, तो मोजला कुणी? नाव कुणाचं आहे त्याच्याखाली?"

भावोजी झटकन उठले. "वहिनी, बसा. पुरे."

"नाही बसत!" ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मी मोजला, बाई. नाव माझं. आजही मोजला तर तोच येईल. मी कुठल्याही चौकशीत उभी राहून सांगेन की आकडा माझा आहे, आणि तो जोडीचा आहे. नोकरी जायची तर जाऊ दे. नाव खोडायचं तर खोडा. पण औषध थांबवा. ते कुणाच्या तरी डोळ्यात जाणार आहे. आणि यांच्या हाताबद्दल जे बोललात ते याच टेबलावर परत घ्या."

भावोजी उभेच राहिले. तिच्याकडे पाहत राहिले, जणू तिनं त्यांच्या डोक्यावरचं ओझं न विचारता उचलून खाली ठेवलं होतं आणि आता मान सरळ कशी करायची ते त्यांना आठवत नव्हतं.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या, आणि चष्मा धरलेल्या त्यांच्या हातावर वहिनीची नजर गेली. हाच हात धरून शिकली होती ती.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, तोच जुना, शिकवण्याचा. "काम थांबवू. आकडा पुन्हा तपासू. विज्ञानात असं होतं, मुलांनो. रेघेवर रेघ बसली, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या नाही, हिच्या नाही, कुणाच्याच नाही. यात दोष कुणाचाच नाही. भावोजीनं राहावं की नाही तेही बघू. माझं एवढंच म्हणणं आहे, कुणी मला वेळेवर सांगितलं असतं, तर मी स्वतः त्याच दिवशी थांबवलं असतं."

माना डोलू लागल्या. वहिनीला दिसलं की सगळं पुन्हा गुळगुळीत होतंय. बाई मोठ्या मनाच्या ठरतायत. औषध थांबेल, हो, तेवढं होईल. पण तो शब्द हवेत तसाच राहील आणि भावोजींच्या मागं मागं फिरेल. आणि तिचा सगळा राग खर्च झाला होता.

टेबलावर मखमली डबी ठेवल्याचा लहानसा आवाज झाला.

"सांगितलं होतं, बाई."

भावोजींचा आवाज कुणी कधी इतका मोठा ऐकला नव्हता, आणि तो काही फार मोठा नव्हता.

"थंड खोलीत. नव्या पेशी पहिल्यांदा फुगल्या तेव्हाच मी जुना नमुना तोलला. दोन्ही शिखरं तुम्हाला दाखवली. तुम्ही दार लावून घेतलंत, आणि म्हणालात, आकडा तुझ्या वहिनीचा आहे. हे बाहेर गेलं तर आधी ती जाईल. म्हणून मी गप्प बसलो. तुम्ही हात खराब म्हणालात तेव्हाही, आणि वहिनींनी भित्रा म्हटलं तेव्हाही." त्यांनी डबी बाईंपुढं सरकवली. "आता यांनी स्वतःच सांगितलं, आकडा यांचा. मग मी कुणासाठी गप्प बसू? माझा हात खराब नव्हता, बाई. आणि ते तुम्हाला माहीत होतं."